रॅम शिल्लक असताना स्वॅप का भरतो: अनॉनिमस मेमरीचा कर्नलमधला हिशोब

प्रश्न असा आहे: १६ जीबी रॅमच्या लिनक्स सर्व्हरवर ‘फ्री’ कमांड ५ जीबी मेमरी उपलब्ध असल्याचं दाखवते, तरी ४ जीबी स्वॅपपैकी (डिस्कवर राखलेल्या जागेपैकी) २ जीबी भरलेला आहे. रॅम शिल्लक असताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डिस्कवर का जातो? आणि स्वॅप कायमचा बंद केला तर सर्व्हर वेगवान होईल का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. भरलेला २ जीबी स्वॅप हे बिघाडाचं लक्षण नाही. तो पूर्वी कधीतरी भरला आणि तसाच राहिला, एवढंच त्यातून कळतं. स्वॅप बंद करू नका. ज्या त्रासाच्या भीतीने तो बंद करतात तो त्रास जात नाही, फक्त दुसरीकडून येतो. स्वॅप किती भरलाय यापेक्षा आत्ता या क्षणी त्यातून किती ये-जा चालू आहे, हा आकडा महत्त्वाचा.

आता मुळापासून. कर्नल मेमरी पेजच्या, म्हणजे ठराविक आकाराच्या तुकड्यांच्या, हिशोबाने सांभाळतो. एक्स८६-६४ वर साधं पेज ४ केबीचं, म्हणजे १६ जीबीत सुमारे ४२ लाख पेजेस. त्यांतल्या काहींच्या मागे डिस्कवरची फाइल उभी असते: प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, वाचलेला डेटा. अशा पेजमध्ये बदल झालेला नसेल तर कर्नल ते बिनदिक्कत टाकून देतो, कारण लागलं तर फाइलमधून पुन्हा वाचता येतं. बदल झालेला असेल तर आधी फाइलमध्ये लिहितो, मग टाकतो. उरलेल्या पेजेसमागे कुठलीच फाइल नसते. मॅलॉकने (प्रोग्रामच्या मेमरी मागण्याच्या फंक्शनने) मिळालेला हीप, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, फोर्कनंतर (प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर) लिहिताना तयार झालेल्या प्रती, खासगी मॅप केलेल्या फाइलच्या पेजवर काही लिहिल्यामुळे वेगळी झालेली प्रत, ही सगळी अनॉनिमस, म्हणजे निनावी पेजेस. त्यांतला मजकूर फक्त रॅममध्ये असतो, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून असं पेज रॅममधून हलवायचं तर त्याला आधी दुसरीकडे घर द्यावं लागतं. ते घर म्हणजे स्वॅप. स्वॅपला ‘रॅम संपल्यावर वापरायची हळू रॅम’ समजलं की पुढची बहुतेक सेटिंगं चुकतात. (नाव मात्र जुन्या काळचं आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये अख्खी प्रोसेस एका वेळी डिस्कवर जायची आणि अख्खीच परत यायची. एकेक पेज हलवण्याची सोय बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९ च्या ३बीएसडीपासून आली. नाव तेच राहिलं.)

एक जात या दोहोंच्या मधली आहे आणि तीच सर्वांत जास्त फसवते: शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी मिळून वापरलेली) आणि टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टिम). कर्नलच्या दृष्टीने यांच्यामागे एक अंतर्गत फाइल असते, पण ती फाइल डिस्कवर कुठेच नसते. त्यामुळे ही पेजेस काढायची तर स्वॅपमध्येच जावं लागतं. ‘फ्री’ मात्र त्यांना ‘बफ/कॅशे’ या रकान्यात मोजतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे शेअर्ड बफर किंवा टीएमपीएफएसवर असलेल्या तात्पुरत्या फोल्डरमधल्या मोठ्या फाइली तिथे दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा कॅशे आहे, गरज पडली की मोकळा होईल. तो तसा होत नाही. /प्रॉक/मेमइन्फो या कर्नलच्या आकडेवारीच्या फाइलमधली ‘शमेम’ (शेअर्ड मेमरी) ही ओळ नेहमी वेगळी पाहा.

प्रोग्रामने १ जीबी मागितली म्हणजे कर्नल लगेच १ जीबी रॅम बाजूला काढतो असं नाही. तो पत्त्यांचा एक पट्टा त्या प्रोसेसच्या नावावर नोंदवतो, बस. प्रोग्रामने त्यातल्या एखाद्या पत्त्यावरून पहिल्यांदा नुसतं वाचलं, तर पेज फॉल्ट होऊन (पेज जागेवर नाही म्हणून काम कर्नलकडे जाऊन) तिथे सगळ्यांसाठी सामायिक असलेलं एकच शून्यांनी भरलेलं पेज जोडलं जातं. पहिल्यांदा लिहिलं, की मग खरं पेज मिळतं. तेही आधी पूर्ण शून्य करून, कारण दुसऱ्या प्रोसेसचा जुना मजकूर या प्रोसेसला दिसता कामा नये. ‘टॉप’मध्ये व्हर्च्युअल आकार २० जीबी आणि आरएसएस (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग) ३०० एमबी दिसतं ते यामुळे. पहिल्या आकड्यावरून घाबरण्याचं कारण नाही.

याचा अर्थ कर्नल जवळ आहे त्यापेक्षा जास्त देण्याचं वचन देतो. यालाच ओव्हरकमिट म्हणतात. ‘व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी’ मूळ स्थितीत ० असतं: उघडउघड अशक्य मागणी तेवढी नाकारायची, बाकी द्यायचं. १ म्हणजे काहीही मागा, हो. २ म्हणजे कडक हिशोब: एकूण वचनं स्वॅप अधिक रॅमच्या ठराविक टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाहीत, आणि हे टक्के मुळात ५० असतात. इथे बरेच जण अडकतात. १६ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप आणि पर्याय २ म्हणजे मर्यादा झाली १० जीबी. निम्मी रॅम मोकळी असतानाही मॅलॉक नाही म्हणायला लागतो. शिवाय ८ जीबी लिहिण्याजोगी खासगी मेमरी असलेल्या प्रोसेसने फोर्क केला की आणखी ८ जीबींचं वचन मोजलं जातं, प्रत्यक्ष एकही पेज कॉपी झालेलं नसलं तरी. पर्याय २ निवडायचाच तर ‘ओव्हरकमिट_रेशो’ वाढवा, स्वॅपही मोठा ठेवा, आणि मेमइन्फोमधल्या ‘कमिटेड_एएस’ व ‘कमिटलिमिट’ या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. विंडोज नेहमीच या कडक पद्धतीने चालतं: रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढी मर्यादा होते त्यापलीकडे कमिट मिळत नाही. म्हणून तिथे पेजफाइल काढून टाकली की रॅम शिल्लक असतानाच प्रोग्राम मेमरी संपल्याची तक्रार करू शकतात.

मोकळी पेजेस कमी झाली की वसुली, म्हणजे वापरातली पेजेस काढून घेणं, सुरू होते. मेमरीच्या प्रत्येक झोनला (विभागाला) तीन खुणा असतात: मिन, लो आणि हाय. मोकळी पेजेस ‘लो’खाली उतरली की ‘केस्वॅपडी’ हा कर्नल थ्रेड जागा होतो आणि ‘हाय’ गाठेपर्यंत मागच्या मागे पेजेस मोकळी करतो. यात कुणाचाही खोळंबा होत नाही. पण मागणी इतकी झपाट्याने आली की ‘मिन’सुद्धा ओलांडली, तर जी प्रोसेस मेमरी मागते आहे तिलाच थांबवून वसुलीला लावलं जातं. हा डायरेक्ट रिक्लेम. वेबसर्व्हरचा एखादाच रिक्वेस्ट अचानक अर्धा सेकंद अडकतो तेव्हा पुष्कळदा कारण हे असतं. खुणांमधलं अंतर ‘वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर’ ठरवतो. तो मुळात १० असतो, म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का, १६ जीबीवर जेमतेम १६ एमबी. नेटवर्कवरून जोरात डेटा येणाऱ्या सर्व्हरला हे अंतर फारच अपुरं पडतं. १०० केलं तर ते सुमारे १६० एमबी होतं आणि केस्वॅपडीला आवरायला वेळ मिळतो. स्वॅपशी थेट संबंध नसलेलं हे सेटिंग कित्येकदा स्वॅपिनेसपेक्षा (स्वॅपकडे किती झुकायचं हे ठरवणारं सेटिंग, त्याबद्दल पुढे) जास्त उपयोगी पडतं.

कुठलं पेज काढायचं? २००८ च्या २.६.२८ आवृत्तीपासून कर्नल अनॉनिमस आणि फाइलच्या पेजेसच्या याद्या वेगळ्या ठेवतो, आणि प्रत्येकीत सक्रिय व निष्क्रिय असे दोन भाग. एखादं पेज वापरलं गेलं का, हे कर्नलला दर वेळी कळत नाही. प्रोसेसर पेज टेबलच्या नोंदीत एक ‘वापरलं’ बिट लावून ठेवतो, कर्नल अधूनमधून ते बिट तपासून पुसतो. पेज अनेक प्रोसेसमध्ये जोडलेलं असू शकतं. म्हणून पेजवरून उलट त्या सगळ्या प्रोसेसच्या पेज टेबलपर्यंत पोचण्यासाठी वेगळी साखळी ठेवलेली असते. ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, दोन भागांऐवजी अनेक पिढ्यांच्या याद्या ठेवणारी एमजीएलआरयू ही पद्धतही कर्नलमध्ये आहे. तुमच्या वितरणात (उबुंटू, फेडोरा वगैरे) ती चालू आहे की नाही ते वितरणावर अवलंबून. तत्त्व तेच: बराच काळ हात न लागलेलं पेज आधी.

पेज बाहेर जाण्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे, कारण मेमइन्फोमधले काही आकडे त्याशिवाय वाचता येत नाहीत. निष्क्रिय यादीच्या शेपटाकडचं अनॉनिमस पेज उचललं की आधी स्वॅपमध्ये त्याच्यासाठी ४ केबीचा एक स्लॉट राखला जातो आणि पेज स्वॅप कॅशेमध्ये नोंदवलं जातं. मग ते जिथे जिथे जोडलेलं आहे त्या प्रत्येक पेज टेबलमधली नोंद बदलली जाते: ‘हजर’ हे बिट जातं आणि त्या जागी कितवा स्वॅप, त्यातला कितवा स्लॉट हे लिहिलं जातं. किती नोंदी या स्लॉटकडे बोट दाखवतात याचीही मोजणी ठेवली जाते, म्हणजे शेवटची नोंद गेली की स्लॉट मोकळा करता येतो. त्यानंतर प्रत्यक्ष डिस्कवर लिहिणं, आणि ते पुरं झाल्यावरच रॅममधलं पेज मोकळं. थोडक्यात, मेमरी कमी पडली असताना मेमरी मोकळी करायला आधी एक लेखन पुरं व्हावं लागतं. म्हणून स्वॅप ज्या थरावर आहे त्या थरालाच लिहिताना नवी मेमरी लागत असेल तर गाडी रुतते. झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या झेडव्हॉलवर (तिच्यातून काढलेल्या आभासी डिस्कवर) स्वॅप ठेवू नका ते याचसाठी. तिथे मेमरीच्या ताणात यंत्र कायमचं गोठू शकतं.

परतीचा प्रवास पेज फॉल्टने सुरू होतो. प्रोग्रामने त्या पत्त्याला हात लावला, नोंदीत ‘हजर’ बिट नाही, स्लॉटचा क्रमांक आहे. कर्नल आधी स्वॅप कॅशेमध्ये बघतो. अजून तिथेच असेल तर डिस्क वाचावी लागत नाही. नसेल तर वाचतो, आणि बरोबर शेजारचेही स्लॉट वाचतो. ‘पेज-क्लस्टर’चं मूळ मूल्य ३, म्हणजे २ चा तिसरा घात, एका वेळी ८ पेजेसपर्यंत. आत आलेलं पेज बदललं गेलं नाही तर स्वॅपमधली प्रत खरीच राहते, आणि तीच ठेवली असेल तर पुढच्या वेळी न लिहिताच ते टाकता येतं. मेमइन्फोमधलं ‘स्वॅपकॅश्ड’ म्हणजे अशी दोन्हीकडे असलेली पेजेस. स्वॅप निम्म्याहून जास्त भरला की मात्र कर्नल हे स्लॉट धरून न ठेवता मोकळे करत जातो.

यातच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. पेज परत येतं ते फक्त कुणी हात लावला तर. रॅम मोकळी झाली म्हणून कर्नल आपणहून स्वॅपमधलं काही परत आणत नाही, आणि आणूही नये. रात्री बॅकअपने किंवा मोठ्या इंडेक्स बांधणीने दोन तास मेमरीवर ताण आणला, तेव्हा सुरुवातीला एकदाच लागलेला डेटा, झोपलेल्या सेवांचे हीप, प्रोग्रामने गळती करून विसरलेली पेजेस असं २ जीबी बाहेर गेलं. बॅकअप संपला, रॅम मोकळी झाली. बाहेर गेलेल्या पेजेसना सकाळपासून कुणी विचारलंच नाही, म्हणून ती तिथेच आहेत. त्यांच्या जागी आता डेटाबेसच्या फाइली कॅशेमध्ये आहेत, ज्या खरोखर वापरात आहेत. हा सौदा चांगलाच आहे. एक बारीक इशारा मात्र इथे मिळतो: स्वॅप ताणाच्या वेळी नव्हे, तर रोज थोडाथोडा, परत न येता वाढत असेल, तर कुठल्या तरी प्रोसेसमध्ये गळती आहे. गळालेल्या पेजला पुन्हा कुणी हात लावत नाही, त्यामुळे ते स्वॅपसाठी आयतंच सापडतं.

स्वॅप बंद केला तर काय होईल? सगळी अनॉनिमस पेजेस रॅममध्ये खिळली जातात, कितीही निरुपयोगी असली तरी. ताण आला की वसुलीसाठी उरतात फक्त फाइलची पेजेस, आणि त्यांत चालू प्रोग्रामचा कोडही येतो. कर्नल एसएसएच सर्व्हरच्या कोडचं पेज टाकतो, पुढच्याच क्षणी ते लागतं, डिस्कवरून परत वाचतो, त्यासाठी दुसऱ्याचं टाकतो. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, लॉगिन होत नाही, आणि ‘व्हीएमस्टॅट’ या कमांडमध्ये स्वॅपची ये-जा दाखवणारे दोन्ही रकाने शून्य. म्हणजे धाप तीच, फक्त स्वॅपच्या मोजमापात न दिसणारी. ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) यात लवकर येईल अशी आशा असते, पण थोडीफार फाइल पेजेस मोकळी होत राहतात तोवर कर्नलला वाटतं की प्रगती होते आहे, आणि किलर लांबत जातो.

स्वॅपिनेसबद्दल सर्वांत जास्त चुकीचा सल्ला फिरतो. ६० म्हणजे ‘रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप’ किंवा ‘४० टक्के उरल्यावर स्वॅप’ असं काहीही नाही. वसुली सुरू झाल्यावर अनॉनिमस पेज परत आणणं आणि फाइलचं पेज परत आणणं यांतलं कोणतं किती महाग, हे सापेक्ष प्रमाण म्हणजे स्वॅपिनेस. ५.८ आवृत्तीपासून त्याची पट्टी ० ते २०० आहे. १०० म्हणजे दोन्ही सारखेच महाग, ६० म्हणजे स्वॅप अधिक महाग. स्वॅपचं साधन फाइलींच्या डिस्कपेक्षा दुप्पट वेगवान असेल तर दोघांची बेरीज २०० ठेवून प्रमाण १ ला २, म्हणजे १३३ हे सयुक्तिक मूल्य. त्याच आवृत्तीत कर्नल प्रत्यक्ष अनुभवाचाही हिशोब धरू लागला: टाकलेलं पेज लगेच परत मागावं लागलं तर त्या यादीच्या नावावर खर्च चढतो आणि तिच्यावरचा वसुलीचा जोर कमी होतो. त्यामुळे एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) स्वॅप असलेल्या सर्व्हरवर ६० तसंच ठेवलं तरी बिघडत नाही. फिरत्या डिस्कवर १० ते ३० ठीक. ० मात्र टाळा. ० वर कर्नल मोकळी आणि फाइलची पेजेस मिळून ‘हाय’ खुणेच्या खाली जाईपर्यंत अनॉनिमस पेजला हातच लावत नाही. म्हणजे फाइल कॅशे पार ओरबाडून झाल्यावर, अगदी कड्यावर पोचल्यावर स्वॅप सुरू.

आता मोजायचं कसं. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा आणि पहिली ओळ सोडून द्या, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसओ’ म्हणजे बाहेर जाणारं, ‘एसआय’ म्हणजे परत येणारं. नुसता ‘एसओ’ अधूनमधून उसळतो त्याची चिंता नको, थंड पेजेस जात आहेत. ‘एसआय’ मिनिटामागून मिनिट चालूच असेल तर कर्नलने काढलेलं पेज लगेच लागतं आहे, म्हणजे कामाचा संच (सतत लागणारी पेजेस) रॅममध्ये मावत नाही. दोन्ही एकाच वेळी सतत चालू, ही खरी धोक्याची स्थिती. याहून नेमकं माप /प्रॉक/प्रेशर/मेमरीमध्ये मिळतं, ४.२० पासून. ‘सम’ (some) या ओळीत निदान एक तरी काम मेमरीसाठी अडलं होतं तो वेळ टक्क्यांत असतो, ‘फुल’मध्ये सगळीच कामं एकाच वेळी अडली होती तो. सरासरी १०, ६० आणि ३०० सेकंदांची. माझ्या मते गजर लावायचा तर स्वॅपच्या टक्केवारीवर न लावता ‘फुल’च्या ६० सेकंदांच्या आकड्यावर लावावा. स्वॅप नसलेल्या यंत्रावरही तो खरं बोलतो.

कुणाचं किती बाहेर गेलंय हे प्रत्येक प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमधल्या ‘व्हीएमस्वॅप’ ओळीत दिसतं. सगळ्यांची बेरीज एकूण स्वॅपपेक्षा कमी भरली तर गोंधळू नका: शेअर्ड मेमरी आणि टीएमपीएफएसची बाहेर गेलेली पेजेस या ओळीत मोजली जात नाहीत. आणि ज्याचा स्वॅप जास्त तोच गुन्हेगार, असंही नाही. बहुधा तो ताणाचा बळी असतो, कारण तो स्वस्थ बसला होता. ताण आणणारी प्रोसेस सक्रिय असल्याने रॅममध्येच असते.

भरलेला स्वॅप ‘साफ’ करायला ‘स्वॅपऑफ’ आणि लगेच ‘स्वॅपऑन’ चालवण्याची सवय पुष्कळांना असते. स्वॅपऑफला सगळ्या प्रोसेसची पेज टेबलं धुंडाळून एकेक पेज आत आणावं लागतं, म्हणून ते मिनिटंच्या मिनिटं चालू शकतं. उपलब्ध मेमरी भरलेल्या स्वॅपपेक्षा कमी असेल तर ओओएम किलरलाच आमंत्रण. बरं, त्यातून मिळतं काय? कुणालाही नको असलेली २ जीबी पेजेस रॅममध्ये, आणि तेवढा उपयोगी कॅशे बाहेर. करूच नका.

स्वॅप किती असावा? रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम अगदी कमी असायची त्या काळातला. ठरवताना विचार उलट बाजूने करा: सगळं बिघडल्यावर यंत्राने किती वेळ तडफडावं? फिरत्या डिस्कवर एका यादृच्छिक वाचनाला साधारण १० मिलिसेकंद धरा. सेकंदाला १०० पेजेस, म्हणजे ४०० केबी. शेजारच्या पेजेसचा काहीच उपयोग झाला नाही तर ४ जीबी परत आणायला जवळजवळ तीन तास. एनव्हीएमईवर एक वाचन सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १०० पट वेगवान, पण रॅमच्या सुमारे १०० नॅनोसेकंदांपेक्षा तरीही हजार पट हळू. १६ जीबीच्या सर्व्हरला २ ते ४ जीबी पुरेसा: थंड पेजेस मावतात आणि पळत सुटलेली प्रोसेस ओओएमपर्यंत फार रेंगाळत नाही. लॅपटॉप हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून बंद) करायचा असेल तर मात्र रॅमएवढा धरून चाला.

स्वॅप फाइल बनवताना ४ जीबीसाठी ‘डीडी’ने १ एमबीचे ४०९६ ठोकळे शून्यांनी लिहा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा, मग ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’ आणि शेवटी एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या यादीत) ओळ. परवानगी विसरलात तर इतरांच्या प्रोसेसची मेमरी कुणालाही वाचता येईल. ‘ट्रंकेट’ने फाइल बनवली तर ती पोकळ असते, आणि स्वॅपऑन ‘फाइलमध्ये छिद्रं आहेत’ म्हणून नाकारतो. कारण कर्नल चालू करतानाच फाइलचे डिस्कवरचे ठोकळे कुठे आहेत याचा नकाशा बनवतो आणि पुढे फाइल सिस्टिमला वळसा घालून थेट तिथे लिहितो. याच कारणाने बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर त्या फाइलसाठी कॉपी-ऑन-राइट (जुन्या जागी न लिहिता नवी प्रत करणं) बंद असावं लागतं, आणि ५.० च्या आधी तिथे स्वॅप फाइल चालतच नसे. फाइल आणि पार्टिशन यांत वेगाचा म्हणावा असा फरक राहत नाही तोही यामुळेच.

पेजेस डिस्कऐवजी दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवण्याचे दोन मार्ग आहेत आणि लोक ते एकत्र वापरून घोळ करतात. झेडरॅम हे रॅममध्येच बनवलेलं ब्लॉक साधन आहे: पेज तिथे ‘लिहिलं’ की दाबून रॅममध्येच ठेवलं जातं. झेडस्वॅप हा खऱ्या स्वॅपच्या पुढे बसलेला दाबलेला कॅशे आहे. तो भरला की सर्वांत जुनी पेजेस डिस्कवर पाठवतो. डिस्कचा स्वॅप असेल तर झेडस्वॅप बरा. झेडरॅमला वरचा प्राधान्यक्रम आणि मागे डिस्क अशी जोडी लावली की उलटंच होतं: आधी गेलेली थंडगार पेजेस झेडरॅम अडवून बसतात, आणि नंतरची, त्यामानाने गरम पेजेस डिस्कवर जातात. डिस्कच नको असेल तिथे झेडरॅम उत्तम. फेडोरा ३३ पासून तो मुळातच चालू असतो. आकार रॅमच्या निम्मा ठेवा. दाबण्याचा अल्गोरिदम आकार देण्याआधी निवडावा लागतो, नंतर बदलत नाही. ‘पेज-क्लस्टर’ ० करा, कारण शेजारची पेजेस उगाच उलगडण्यात प्रोसेसर वाया जातो. स्वॅपिनेस १०० च्या वर न्या. झेडरॅमच्या ‘एमएम_स्टॅट’ फाइलमधला पहिला आकडा मूळ आकार आणि तिसरा प्रत्यक्ष लागलेली रॅम. हे प्रमाण दीडपटीच्या खाली असेल, म्हणजे पेजेसमध्ये एन्क्रिप्ट केलेला किंवा आधीच दाबलेला डेटा असेल, तर या खटाटोपातून फारसं हाती लागत नाही.

काही प्रोग्रामना स्वॅप खरोखरच सोसत नाही. जावासारख्या भाषांमध्ये पूर्ण गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणारी फेरी) वापरात असलेल्या सगळ्या वस्तूंवरून फिरतं. त्या हीपचा पाव भाग जरी बाहेर असेल तरी प्रत्येक फेरीला तो सगळा परत ओढावा लागतो आणि विराम सेकंदांवर जातो. त्यासाठी अख्ख्या यंत्राचा स्वॅप बंद करायची गरज नाही. सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालण्याच्या कर्नलमधल्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी.स्वॅप.मॅक्स’ हे त्या एका सेवेपुरतं ० करता येतं. सिस्टिमडीच्या (सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलमध्ये हेच ‘मेमरीस्वॅपमॅक्स’ या ओळीने होतं. बाकीच्या सेवांची थंड पेजेस जात राहतात आणि या सेवेला उलट जास्त रॅम मिळते. किल्ल्या, पासवर्ड अशा मजकुराची पेजेस ‘एमलॉक’ने रॅममध्ये खिळवा, किंवा प्रत्येक बूटला नवी यादृच्छिक किल्ली घेऊन स्वॅपच एन्क्रिप्ट करा. मग हायबरनेट मात्र चालणार नाही.

ओओएम किलर निवड करताना प्रोसेसची रॅम, तिचा स्वॅप आणि तिची पेज टेबलं यांची बेरीज धरतो, त्यामुळे पेजेस बाहेर गेल्याने कुणी सुटत नाही. ‘ओओएम_स्कोअर_अ‍ॅडज’ उणे १००० केलं तर ती प्रोसेस पूर्ण वगळली जाते. हे एसएसएचसारख्या छोट्या सेवेपुरतंच ठेवा. डेटाबेसला ते दिलंत आणि मेमरी त्यानेच खाल्ली असेल, तर किलर बाकी सगळ्यांना मारत सुटेल. त्याआधीच हस्तक्षेप हवा तर सिस्टिमडी-ओओएमडी आहे. एखाद्या सीग्रुपवरचा मेमरीचा ताण ३० सेकंद ६० टक्क्यांच्या वर राहिला तर तो त्यातली सेवा मारतो. हे मूळ आकडे आहेत, बदलता येतात. त्यालाही स्वॅप असलेलाच बरा: स्वॅपशिवाय ताण इतक्या झटक्यात वर जातो की निर्णयाला अवधीच उरत नाही.

या सर्व्हरवर आता करायचं ते इतकंच. गर्दीच्या वेळी दहा मिनिटं ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवा. ‘एसआय’ शून्याच्या आसपास असेल तर २ जीबी आहे तिथेच राहू द्या. सतत शेकड्यांत असेल तर त्याच वेळी ‘व्हीएमस्वॅप’ची यादी दोनदा, मिनिटाच्या अंतराने घ्या. ज्या प्रोसेसचा आकडा हलतो आहे तिथे आधी बघा, मग शमेम, मग कॅशेच्या मर्यादा. डेटाबेसचे बफर आणि ॲप्लिकेशनचा हीप मिळून १३-१४ जीबी दिलेले असतील तर दुरुस्ती त्या आकड्यांत आहे, स्वॅपिनेसमध्ये नाही.